आयटीत जायचंय पण सुरुवात कुठून करू? मराठवाड्यातल्या लेकरांसाठी सगळं सविस्तर

दर उन्हाळ्यात निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात. कुणाची पुतणी बीसीए झालेली असते, कुणाचं लेकरू डिप्लोमा करून वाळूजला कंत्राटी कामाला लागलेलं असतं, कुणी चार वर्षं एमपीएससी करून आता दुसरं काहीतरी बघायलंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा आयटीत जायचंय, कोणता क्लास लावू. मी मानवतकडचा, बीएस्सी परभणीला केली, पहिली नोकरी संभाजीनगरला डेस्कटॉप सपोर्टची आणि तिथून पुण्याला नेटवर्कच्या कामात आलो. फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगून होत नाही, बस पकडायची असते नाहीतर शिफ्ट सुरू होत असते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. मोठं आहे, पण एका बैठकीत वाचायची गरज नाही.

क्लासच्या आधी काम निवडा

आयटी म्हणजे एक नोकरी नाही. मोंढ्यात हमाल असतो, अडत्या असतो, मुनीम असतो, सगळे मोंढ्यातच काम करतात पण कामं वेगळी, तसंच हे आहे. नवीन माणसाला आत शिरायला साधारण चार दारं आहेत. एक सपोर्टचं, म्हणजे कंपनीतल्या लोकांचे कंप्युटर, प्रिंटर, पासवर्ड, मेल हे सांभाळणं, यालाच डेस्कटॉप सपोर्ट किंवा सर्व्हिस डेस्क म्हणतात. दुसरं नेटवर्क आणि सर्व्हर, ज्यात स्विच आणि राउटर (कंप्युटर आणि नेटवर्क एकमेकांना जोडणारी यंत्रं), लिनक्स (विंडोजसारखीच, पण सर्व्हरवर जास्त चालणारी सिस्टिम) आणि आता क्लाउड (दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्यानं वापरणं) आलं. तिसरं टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर कुठं चुकतंय ते शोधणं. चौथं डेव्हलपमेंट, म्हणजे कोड लिहिणं.

आता माझं मत सांगतो. कोड लिहायच्या नोकरीत सर्टिफिकेटला फार किंमत नाही, तिथं तुम्ही काय बनवलं ते बघतात, त्यामुळं डेव्हलपर व्हायचं असेल तर परीक्षेचे पैसे वाचवा आणि दोन-तीन प्रोजेक्ट पूर्ण करून गिटहबवर (कोड ठेवायची आणि लोकांना दाखवायची साइट) टाका. नेटवर्क, लिनक्स, क्लाउड, टेस्टिंग इथं मात्र सर्टिफिकेटचा खरंच उपयोग होतो, कामून तर आपल्या कॉलेजचं नाव पुण्यातल्या एचआरला माहीत नसतं पण सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्कची परीक्षा) काय आहे ते माहीत असतं. आणि सायबर सिक्युरिटीचं वेड आता लई पोरांना लागलंय, वाईट काहीच नाही त्यात, पण नेटवर्क कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याची राखण कशी करणार? आधी नेटवर्क किंवा लिनक्स करा, वर्ष-दोन वर्षं काम करा, मग तिकडं वळा.

आवड कशी कळणार तर दोन आठवडे खर्च न करता कळते. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, पायथनचे धडे चक्क मराठीतून आहेत, फुकट. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स पण फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेला. सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीवर खातं काढलं की नेटवर्कचे प्राथमिक कोर्स आणि पॅकेट ट्रेसर नावाचं, स्क्रीनवरच सरावाचं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येकातलं थोडं थोडं करून बघा आणि जे करताना जेवायची हाक ऐकू येत नाही ते धरा.

कोणती परीक्षा, किती पैसे

फी डॉलरमध्ये असते आणि वरून टॅक्स लागतो, म्हणून बुक करायच्या दिवशी कंपनीच्या साइटवर बघूनच पुढं जा. मी जे आकडे देतोय ते अंदाज यावा म्हणून.

नेटवर्कसाठी सीसीएनए. परीक्षेचा नंबर २००-३०१, ही एकच परीक्षा २०२० च्या फेब्रुवारीपासून चालू आहे, १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, म्हणजे टॅक्स धरायच्या आधीच पंचवीस हजाराच्या वर. पैसे जास्त आहेत, बापाच्या कापसाचे नाहीतर सोयाबीनचे पैसे आहेत, त्यामुळं तयारी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. सहा भाग असतात आणि कोणत्या भागाला किती वजन हे कंपनी स्वतःच छापते, आयपी (नेटवर्कवरचा मशिनचा पत्ता) कनेक्टिव्हिटीला सगळ्यात जास्त २५ टक्के, नेटवर्कच्या पायाला २०, स्विचिंगच्या भागाला २०, सिक्युरिटीला १५, उरलेल्या दोघांना १०-१०. अभ्यासाचे दिवस पण याच हिशोबानं वाटायचे.

क्लाउडसाठी ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर, १०० डॉलर, ९० मिनिटांत ६५ प्रश्न, १००० पैकी ७०० ला पास. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नुसत्या या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही हे आधीच सांगतो, पण पास झाल्यावर पुढच्या परीक्षेला ५० टक्के सूट मिळते, आणि पुढची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरची आहे, ती खरी कामाची. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची एझेड-९०० पण सुरुवातीची, तिची फी भारतात तुलनेनं कमी आहे आणि ती एकदा पास झालात की संपत नाही.

लिनक्ससाठी, लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए. यात पर्याय निवडायचे प्रश्नच नाहीत, समोर मशिन देतात आणि कामं सांगतात, हे युजर बनव, ही डिस्क जोड, ही सर्व्हिस चालू कर. ३०० पैकी २१० लागतात. लिनक्स करायचं असेल तर मला ही परीक्षा सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण पाठांतरावर कुणी पास होऊच शकत नाही. टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीची फाउंडेशन, ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास.

एकावेळी एकच परीक्षा. दोन-दोन चालू ठेवणारी पोरं मी बघितलीत, सहा महिन्यांनी त्यांच्याकडं दोन अर्धे अभ्यास असतात.

आणि क्लास? क्लास वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, चांगला शिकवणारा भेटला तर महिना वाचतो. पण "शंभर टक्के जॉब" असं लिहिलेला बोर्ड दिसला की बाहेरूनच परत या. मी स्वतः वडिलांनी उसने आणलेले पैसे अशा एका ठिकाणी भरले होते, चार महिने पीपीटी दाखवली, स्विचला हात लावू दिला नाही आणि जॉबच्या नावाखाली एक कॉल सेंटरचा पत्ता दिला. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की लॅबमध्ये माझ्या एकट्याच्या वाट्याला रोज किती वेळ मशिन येणार, आणि एक दिवस फुकट बसू द्या म्हणा. जो बसू देत नाही त्याला सोडा.

लॅब घरीच उभी करा

एमएससीआयटी झाली म्हणजे कंप्युटर आला असं घरचे धरून चालतात. ती ऑफिसात कंप्युटर वापरायला शिकवते. आपल्याला तो आतून उघडून बघायचाय, आणि त्यासाठी मोडतोड करता येईल अशी जागा पाहिजे.

नवीन लॅपटॉप घेऊ नका. कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड लॅपटॉप बाजारात मिळतात, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघून घ्या, १६ जीबी मिळालं तर लईच चांगलं. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे कंप्युटरच्या आत दुसरा कंप्युटर (व्हर्च्युअल मशिन) चालवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, आणि त्यात उबुंटू किंवा रॉकी लिनक्स चालवा. रॉकी आणि अल्मा हे दोन्ही रेड हॅटसारखेच चालतात म्हणून आरएचसीएसएच्या सरावाला चालतात. व्हर्च्युअल मशिनचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची प्रत, घेऊन ठेवायचा, मग पाहिजे तेवढं बिघडवा, एका क्लिकवर परत पहिल्यासारखं. सीसीएनएला पॅकेट ट्रेसर पुरतं, खरे स्विच विकत घ्यायची गरज नाही.

ॲमेझॉनचं क्लाउड खातं काढाल तर पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा, म्हणजे खर्च एक डॉलरवर गेला की मेल येतो. सराव झाला की बनवलेलं सगळं डिलीट करायचं, नुसतं बंद करून भागत नाही. नॅट गेटवे (आतल्या मशिनींची इंटरनेटकडं जायची वाट) चालू राहिला तर तासावर पैसे लागतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून पब्लिक आयपीचे पण तासावर पैसे घेतात. कार्ड घरच्यांचं असतं, बिल त्यांना येतं.

आता लॅब करायची म्हणजे काय ते एका उदाहरणातून सांगतो, कारण बहुतेक लेकरं व्हिडिओ बघून तशीच बटणं दाबतात आणि त्याला लॅब म्हणतात. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन स्विच घ्या, प्रत्येकाला दोन-दोन पीसी जोडा. कारखान्यात अकाउंट्सवाले वेगळे आणि स्टोअरवाले वेगळे असतात तसं दोन व्हीलॅन करा, म्हणजे त्याच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं, व्हीलॅन १० अकाउंट्सला, व्हीलॅन २० स्टोअरला. दोन्ही स्विचवर एक पीसी अकाउंट्सचा, एक स्टोअरचा. दोन स्विचमधली तार ट्रंक करा, म्हणजे तिच्यातून दोन्ही व्हीलॅन जाऊ द्या. आता अकाउंट्सचा पीसी दुसऱ्या स्विचवरच्या अकाउंट्सला पिंग करेल (म्हणजे हाक मारून उत्तर मिळवेल), स्टोअरला करणार नाही. इथपर्यंत सगळे व्हिडिओ दाखवतात आणि पोरं इथं थांबतात.

खरं शिकणं इथून पुढं आहे. आता ट्रंक काढून तो पोर्ट साधा ॲक्सेस करा, म्हणजे एकाच व्हीलॅनचा. पिंग बंद पडेल. का पडलं ते आधी वहीत मराठीत लिहा, मग शो इंटरफेसेस ट्रंक कमांड मारा आणि तुमचा अंदाज बरोबर होता का बघा. मग एका पीसीचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाका, शो व्हीलॅन ब्रीफवर शोधा. मग मित्राला नाहीतर धाकट्या भावाला बसवा आणि तुमच्या नकळत एक गोष्ट बिघडवायला सांगा, कोणतीही तार, कोणताही पोर्ट. तुम्ही शोधून काढायचं. नोकरीत आल्यावर दिवसभर हेच करायचं असतं, दुसऱ्यानं बिघडवलेलं शोधणं. आठवड्याला अशा चार लॅब झाल्या तर तीन महिन्यांत तुमच्या हाताला जी सवय लागते ती कोणत्या पुस्तकातून लागत नाही.

लिनक्समध्ये एक सवय पहिल्यापासून लावा, प्रत्येक लॅब संपली की मशिन रीबूट करून परत तपासा. डिस्क जोडली पण एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नोंद केली नाही तर रीबूटनंतर ती दिसत नाही, आणि आरएचसीएसएत रीबूटनंतर जे टिकतं त्यालाच मार्क असतात. काम सगळं केलंय आणि मार्क शून्य, हे ही एक सवय नसल्यामुळंच होतं.

अभ्यास कसा करायचा

आपल्याकडं लातूर पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक गोष्ट घ्या आणि एक सोडा. घ्यायची ती सारखे पेपर सोडवणं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्या गटानं एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे थोडे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे वाचताना "हे येतंय मला" असं जे वाटतं ते फसवं असतं. सोडायची गोष्ट म्हणजे उत्तर पाठ करून ठेवणं, कारण इथं तोच प्रश्न परत येईल याची कुणी हमी देत नाही.

मी परीक्षेत पहिल्या वेळी नापास झालो ते यामुळंच. सगळे व्हिडिओ दोनदा बघितले होते, वह्या भरल्या होत्या, रंगीत पेनानं रेघा मारल्या होत्या. एकदाही वही बंद करून आठवून बघितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो.

रोज दोन तास. पहिली वीस मिनिटं कालचं आठवायचं, वही बंद, कोरा कागद, आठवेल ते लिहायचं आणि आकृती काढायची, मग वही उघडून लाल पेनानं राहिलेलं भरायचं. हे सुरुवातीला लई जड जातं, मान दुखल्यासारखं डोकं दुखतं, पण जड जातंय म्हणजे काम चालू आहे. मग पाऊण तास नवीन भाग. व्हिडिओ दीडपट वेगानं बघून संपवायचा नाही, दर दहा मिनिटांनी थांबवून आत्ता काय सांगितलं ते मोठ्यानं मराठीत बोलायचं. उरलेला पूर्ण वेळ लॅब. रात्री झोपताना मोबाइलवर दहा मिनिटं कार्ड.

कार्ड म्हणजे अंकी नावाचं ॲप, अँड्रॉइडवर आणि कंप्युटरवर फुकट आहे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, जे चुकतं ते ॲप लवकर परत विचारतं आणि जे येतं ते लांबवतं. माणूस किती पटकन विसरतो याचे प्रयोग एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ सालीच छापले होते, विसरायच्या बेतात असताना परत आठवलं की ते पक्कं होतं, ॲप तेच करतं. पण कार्ड दुसऱ्याची डाउनलोड करू नका, स्वतः बनवा. आणि एका कार्डावर एकच गोष्ट. "डीएचसीपी म्हणजे काय" असं कार्ड नको, "पीसीला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी दिसतोय, याचा अर्थ काय" असं पाहिजे. उत्तर, मशिनींना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी मिळाला नाही म्हणून पीसीनं स्वतःच घेतला.

अवघड गोष्ट आपल्या रानातल्या गोष्टीशी जोडा. सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे पत्ते तुकड्यांत वाटायला, पोरं घाबरतात, मी वाटणी म्हणून शिकवतो. १९२.१६८.१०.० हे २५६ पत्त्यांचं वावर, चार भाऊ, प्रत्येकाला ६४. यालाच स्लॅश २६ म्हणतात. प्रत्येकाच्या तुकड्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता बांधात गेला, वापरायला उरले ६२. बांध कुठं पडले? ०, ६४, १२८ आणि १९२ वर. आता १९२.१६८.१०.१०० कुणाच्या वावरात? ६४ ते १२७ मध्ये, म्हणजे दुसऱ्या भावाच्या. आठ भाऊ असते तर प्रत्येकाला ३२, वापरायला ३०, स्लॅश २७. एवढं समजलं की रोज दहा गणितं, महिनाभर, मोबाइल बाजूला ठेवून. परीक्षेत एक गणित अर्ध्या मिनिटात सुटलं पाहिजे. बँडविड्थ आणि लेटन्सी यात पण गोंधळ होतो, तर जायकवाडीचा डावा कालवा आठवा. कालवा किती रुंद ती बँडविड्थ, पैठणला दरवाजा उघडल्यापासून पाणी तुमच्या चारीला यायला किती वेळ लागला ती लेटन्सी. कालवा रुंद केला म्हणून पैठण जवळ येत नाही.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. सराव पेपरमध्ये प्रश्न चुकला की बरोबर उत्तर लिहून पुढं पळायचं नाही, का चुकला ते लिहायचं, माहीतच नव्हतं, का माहीत होतं पण दोन गोष्टीत गोंधळलो, का प्रश्न नीट वाचला नाही. आणि बरोबर आलेल्या प्रश्नात पण बाकीचे तीन पर्याय का चूक आहेत ते सांगता आलं पाहिजे, एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो. महिन्यानं ही वही बघा, तुमची खोड दिसेल. माझी खोड होती घाईत "नॉट" हा शब्द न वाचणं, अकरा वेळा सापडली.

डंप घेऊ नका. टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर खऱ्या परीक्षेचे प्रश्न म्हणून पीडीएफ फिरतात. कंपन्यांना सापडलं तर सर्टिफिकेट रद्द करतात आणि पुढं परीक्षा द्यायला बंदी घालू शकतात, हे एक झालं. त्याहून मोठं म्हणजे मुलाखतीत पाच मिनिटात उघडं पडतं. मी आता मुलाखती घेतो, समोरच्याकडं सर्टिफिकेट आहे आणि डीफॉल्ट गेटवे (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) म्हणजे काय सांगता येत नाही, तेव्हा त्या लेकराचं तोंड बघवत नाही.

घरी बसायला जागा नसेल, लाईट जात असेल, तर अभ्यासिका लावा. संभाजीनगर, लातूर, नांदेडला स्पर्धा परीक्षेवाल्यांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, आता तालुक्याला पण झाल्यात, तिथं आयटीवाल्यानं बसू नये असा काही नियम नाही. लॅपटॉप चालतो का आणि चार्जिंगची जागा आहे का तेवढं आधी विचारा. व्हिडिओ तिथल्या नेटवर डाउनलोड करून घरी न्या. मोठ्यानं बोलायचा भाग मात्र घरी नाहीतर शेतात करायचा, मी धुऱ्यावर चालत चालत नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर (थर) बोलायचो.

रोज दोन तास या हिशोबानं क्लाउड प्रॅक्टिशनरला सहा ते आठ आठवडे, सीसीएनएला चार-पाच महिने धरा. नोकरी करत असाल तर जास्त लागेल, लागू द्या. सुगीत आठ दिवस अभ्यास बंद पडला तर कार्ड तेवढी चालू ठेवा, बाकीचं नंतर भरून निघतं.

इंग्रजीचं काय

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या प्रत्येकाच्या पोटात हीच भीती असते. बघा, परीक्षेत निबंध लिहायचा नसतो. लागणारे शब्द मोजकेच आहेत आणि ते परत परत येतात. विचार मराठीत करा, वहीत समजावणी मराठीत लिहा, तांत्रिक शब्द जसेच्या तसे ठेवा. प्रश्न मोठा आला तर आधी शेवटची ओळ वाचायची, नेमकं काय विचारलंय ते तिथं असतं, मग वरची गोष्ट वाचायची. मोस्ट, लीस्ट, बेस्ट, फर्स्ट, नॉट या शब्दांवर थांबायचं. "मोस्ट कॉस्ट इफेक्टिव्ह" विचारलं तर चालणाऱ्या पर्यायांतला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भारी नव्हे.

आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ॲमेझॉनच्या परीक्षेत ३० मिनिटं जास्त मिळतात, पण ते परीक्षा बुक करायच्या आधी खात्यात जाऊन मागावं लागतं, नंतर मागून उपयोग नाही. आयएसटीक्यूबीत पण मातृभाषेत परीक्षा नसेल तर २५ टक्के वेळ जास्त, म्हणजे ६० ची ७५ मिनिटं. हा आपला हक्क आहे, लाजायचं नाही, मागून घ्यायचं.

बुकिंग आणि परीक्षेचा दिवस

पूर्वी न सोडवलेल्या दोन सराव पेपरात ८५ टक्क्यांच्या वर आलात की तीन आठवडे पुढची तारीख घ्या. तोच पेपर तिसऱ्यांदा सोडवून ९५ आले तर ते धरू नका.

खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठं वडिलांचं नाव आहे कुठं नाही, लग्नानंतर बदललेलं वेगळंच. गेटवरून परत पाठवतात आणि फी जाते. महिनाभर आधी बघा, दुरुस्तीला वेळ लागतो. कोणतं ओळखपत्र चालतं ते बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, तो मेल पूर्ण वाचा.

घरून ऑनलाइन देता येते पण मी गावाकडच्या पोरांना सेंटरलाच जा म्हणतो. घरून देताना खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही, टेबल रिकामं लागतं, कॅमेऱ्यानं खोली दाखवावी लागते, तोंडानं पुटपुटलं तरी टोकतात. लाईट गेली, आजी चहा घेऊन आत आली, की परीक्षा थांबू शकते. सेंटर लांब असेल तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाईकाकडं मुक्काम करा, पहाटेच्या लालपरीवर भरवसा ठेवून परीक्षेला निघू नका.

सीसीएनएत पुढच्या प्रश्नावर गेलात की मागं येता येत नाही, त्यामुळं अडलं तर अंदाज लावून पुढं, त्याच्यावर रडत बसायचं नाही. ॲमेझॉनमध्ये प्रश्नाला खूण करून शेवटी परत येता येतं. नापास झालात तर ॲमेझॉनला १४ दिवस थांबावं लागतं, मायक्रोसॉफ्टला पहिल्या वेळी २४ तास. निकालाच्या कागदावर कोणत्या भागात कमी पडलात ते येतं, तो कागद जपून ठेवा, पुढचा अभ्यास तिथूनच.

नोकरी शोधताना

सर्टिफिकेट यायची वाट बघू नका, अर्ध्या अभ्यासातच अर्ज सुरू करा. पहिल्या नोकरीचं नाव बघू नका, काम बघा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांना, दवाखान्यांना, पतसंस्थांना पण आयटीचा माणूस लागतोच, आणि अशा ठिकाणी एकटाच असल्यामुळं सगळ्याच गोष्टींना हात लागतो. मी पहिल्या वर्षात जेवढं शिकलो तेवढं नंतर कुठल्याच वर्षात शिकलो नाही. पगार कमी होता, पण पुण्यात मुलाखतीला गेलो तेव्हा सांगायला खऱ्या गोष्टी होत्या.

केलेल्या प्रत्येक चांगल्या लॅबचं एक पान लिहून ठेवा, काय बनवलं, काय बिघडलं, कसं शोधलं, सोबत आकृती. हे लिंक्डइनवर नाहीतर गिटहबवर टाका आणि बायोडाटात लिंक द्या. मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ सगळीकडं येतो, "युजरचा फोन आला, इंटरनेट चालत नाही, काय कराल?" उत्तर खालून वर जायचं. एकट्याचं बंद आहे का सगळ्यांचं. तार, वायफाय बघितलं का. आयपी मिळालाय का, १६९.२५४ तर नाही ना. गेटवेला पिंग होतंय का. बाहेर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) होतंय का. तिथं होतंय पण साइट नावानं उघडत नाही, तर डीएनएसकडं (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) बघा. एवढं शांतपणे, एकामागं एक सांगितलं की समोरचा मान हलवायला लागतो.

पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपया द्यायचा नाही. आणि खोटं अनुभवाचं लेटर तर कधीच नाही. हे विकणारे सांगतात की सगळेच करतात, काही होत नाही. होतं. पडताळणीत आधीच्या कंपनीचा पीएफ कधीपासून कधीपर्यंत होता ते बघतात, यूएएनवर (पीएफच्या नंबरवर) नोंद नसली की प्रश्न सुरू होतात, आणि जॉइन होऊन सहा महिन्यांनी काढलेली पोरं मला माहीत आहेत. सामान घेऊन परत गावी येणं काय असतं ते त्यांना विचारा.

पास झाल्यावर एक काम त्याच दिवशी करा, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये संपायची तारीख टाका. सीसीएनए, ॲमेझॉन, रेड हॅट तिन्ही ३ वर्षांनी संपतात. सीसीएनए ३० क्रेडिट (कोर्स वगैरे करून मिळणारे गुण) जमवून किंवा परत परीक्षा देऊन वाढवता येतं. मायक्रोसॉफ्टची कामाच्या पातळीची सर्टिफिकेटं दर वर्षी संपतात पण घरबसल्या फुकट रिन्यू होतात, संपायच्या सहा महिने आधीपासून. आणि हे सगळं ज्या ईमेलवर असतं तो ईमेल तुमचा स्वतःचा पाहिजे. माझं पहिलं खातं क्लासवाल्यानं त्याच्या मेलवर काढलं होतं, पुढं क्लास बंद पडला, पासवर्ड त्याच्याकडं, आणि ते परत मिळवायला कंपनीला मेल करत माझा दीड महिना गेला.